पट्टीखालचं नाव

“तुमची चाकं सरळ असतात, पण मऊ असतात,” फ्राऊ ब्रिंकमान म्हणाल्या. “माझ्या चाकांपेक्षा तुमच्या चाकांना शंभर किलोमीटरांची गरज जास्त आहे. तोवर त्यांच्यावर नाव लिहू नका.”

मी हो म्हणाले. पण माझं लक्ष समोर स्टँडवर फिरणाऱ्या चाकाकडे होतं. चाक किती डुगडुगतं ते मोजायला रिमच्या कडेला टेकवलेल्या घड्याळाचा काटा केसभरही हलत नव्हता. मऊ म्हणे. मनगट दुखतंय म्हणून कारखान्यात चाकं बांधणाऱ्या बाईंना चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या स्टुलावर दुसऱ्या कुणाला बसवावं लागलंय, तेव्हा एवढा टोमणा चालायचाच, असं मी मनात म्हटलं आणि त्यानंतरच्या चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, मोजायला घेतल्या.

जर्मनीतलं ते आमचं दुसरं वर्ष. माझा नवरा प्रसन्न गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत होता आणि आमची मुलगी रेवा अडीच वर्षांची होती. तेव्हा मला सगळ्याची भीती वाटायची. दूध मनगटावर टाकून बघितलं तरी मी पुन्हा एकदा बघायचे. बालवाडीच्या फाटकाची कडी नीट बसली का, हे कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन बघायचे. प्रसन्न म्हणायचा, “तू आई नाहीस गं, हवामान खातं आहेस. रोज इशारा.” त्या काळात ज्या एकाच गोष्टीची मला अजिबात भीती वाटली नाही, ती म्हणजे माझ्या हातचं चाक.

ओस्टकोटे हा सायकलींचा कारखाना आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर होता. अकरा माणसं आणि वर्षाला चारेकशे सायकली, एवढाच पसारा. टपालवाले, घरोघरी जाणाऱ्या नर्सबाई, मुलं मागे बसवून नेणाऱ्या आया, अशांसाठीच्या दणकट सायकली ते बनवायचे. त्या वर्षी जूनमध्ये कारखान्याला नव्वद वर्षं होणार होती आणि त्याचा इतिहास छापायचा होता. मी पुण्याला जर्मन घेऊन एम. ए. केलं होतं. त्या जोरावर मालकांनी, म्हणजे हेर (जर्मनमध्ये श्रीयुत) ओस्टकोटेंनी, मला अर्धवेळ ठेवलं आणि तीन पत्र्याच्या पेट्या माझ्यासमोर उघडल्या. पत्रं, फोटो, पिवळी पडलेली रेखाचित्रं. महिनाभर मी त्यातच होते.

त्या पेट्यांत मला सुईणबाईंची गोष्ट सापडली. कारखाना काढणारे हाइनरिश ओस्टकोटे हे गावचे लोहार. त्यांनी बनवलेली पहिली सायकल गावच्या सुईणीनं घेतली. दोन वर्षांनी हाइनरिशच्याच बायकोला कळा सुरू झाल्या. निरोप गेला, सुईणबाई निघाल्या, आणि वाटेत मागच्या चाकाच्या तारा ढिल्या होऊन चाक फ्रेमला घासून अडकलं. शेवटचे चार किलोमीटर त्या सायकल खांद्यावर घेऊन चालत आल्या. तोवर शेजारणीच्या हातावर मूल आलं होतं. सुईणबाईंनी बाळ बघितलं, आई बघितली, दोघं ठीक आहेत म्हणाल्या. मग बाहेर जाऊन ते चाक काढून आणलं आणि हाइनरिशच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवलं.

तेव्हापासून कारखान्यात नियम झाला. नवीन चाक आधी कामगारांपैकी कुणीतरी आपल्या सायकलीला लावायचं आणि घरी जाता-येता शंभर किलोमीटर फिरवायचं. नव्या तारा तेवढ्यात आपापल्या जागी बसतात आणि थोड्या सैल पडतात. मग ज्यानं चाक बांधलं त्यानंच त्या पुन्हा आवळायच्या. त्यानंतरच ट्यूबखाली जी रबराची पट्टी असते ती उचलून, खालच्या धातूवर पेन्सिलीनं आपलं नाव आणि तारीख लिहायची. गिऱ्हाइकाला ते नाव दिसत नाही. पुढे कधी कुणी पट्टी काढलीच, तर त्याला दिसतं.

शेजारणीच्या हातावर आलेलं ते मूल म्हणजे आत्ताच्या मालकांचे वडील. कारखान्याविरुद्ध पहिली तक्रार आमच्या वडिलांनी जन्मल्या जन्मल्या रडून नोंदवली, असं हेर ओस्टकोटे सांगायचे. ती सगळी हकिगत मी पुस्तिकेत घातली आणि शेवटी एक वाक्य लिहिलं: नव्वद वर्षांत, सुईणबाईंच्या त्या चाकानंतर, ओस्टकोटेचं एकही चाक शंभर किलोमीटर फिरल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे गेलेलं नाही. हेर ओस्टकोटेंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हे जाड अक्षरात घ्या.”

कागदांतून मी चाकांकडे कशी गेले, त्याला कारण अप्पा. जयसिंगपूरला नवव्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे बसून अभ्यास करायचे, आणि अभ्यास झाला की अप्पा एखादं चाक माझ्याकडे सरकवायचे. “घे, ह्याचा आऊट काढ.” डुगडुगणारं चाक तारा आवळून सरळ करायचं, त्याला आमच्याकडे आऊट काढणं म्हणतात. अप्पांकडे घड्याळ-बिड्याळ काही नव्हतं. एक खडू रिमजवळ धरायचा, आणि तार बोटानं छेडून आवाज ऐकायचा. बारावीपर्यंत माझा हात असा बसला होता की गिऱ्हाईक मुद्दाम “पोरीकडं द्या” म्हणायचं. कॉलेजात मात्र मी हे कुणाला सांगितलं नाही. वडील काय करतात विचारलं की मी ‘बिझनेस’ म्हणायचे.

मार्चमध्ये एकदा मी जुना फोटो विचारायला चाकांच्या खोलीत गेले. फ्राऊ ब्रिंकमान मनगटाला पट्टा बांधून चाकाशी झगडत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, “डावीकडे ओढतंय, तिसरी तार.” त्यांनी मान वर केली. तारा आवळायची चावी माझ्यापुढे धरली. मी तिसरी तार पाव फेरा आवळली, समोरची तेवढीच सोडली, आणि चाक सरळ फिरायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून उत्सवासाठीच्या बारा सायकलींची मागची चाकं माझ्याकडे आली.

त्यातल्या दहा चाकांचे शंभर किलोमीटर रीतसर झाले. माझ्या चाकांची फेरी बहुधा रंगकामातला एक जण मारायचा, कारण त्याचं घर लांब होतं. चाक परत आलं की फ्राऊ ब्रिंकमान माझ्यामागे उभ्या राहून मला तारा आवळायला लावायच्या आणि दर वेळी तेच म्हणायच्या. सरळ आहे, पण मऊ आहे. मग मी पट्टीखाली माझं नाव लिहायचे. देवनागरीत. त्यांना ती अक्षरं आवडायची. वरच्या रेघेला त्या ‘कपड्यांची दोरी’ म्हणायच्या.

शेवटची दोन चाकं उत्सवाच्या दहा दिवस आधी, बुधवारी बांधून झाली. उत्सव पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी. फेरी मारणारा तो मांडव घालण्यात अडकला होता. म्हणजे ती दोन चाकं मीच फिरवायची होती. दुसऱ्याच दिवशी रेवाला सर्दी झाली आणि ती आठवडाभर टिकली. खरं सांगायचं तर ती मला सोयीचीच वाटली. मोटारींच्या शेजारून सायकल चालवायला मला भीती वाटायची. चाकाला बांधलेल्या पुठ्ठ्यावर किलोमीटर लिहायची जागा होती. उत्सवाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मी दोन्हींवर ‘१००’ लिहिलं, पट्ट्या उचलल्या आणि नाव घातलं.

“झाले का?” फ्राऊ ब्रिंकमाननी दारातून विचारलं. उत्सवाच्या गडबडीत त्या दिवशी त्या माझ्यामागे उभ्या राहिल्या नाहीत.

“झाले,” मी म्हणाले.

उत्सवात बाराच्या बारा सायकली गेल्या. माझ्या त्या दोनांपैकी हिरवी सायकल रेवाच्या बालवाडीतल्या योनासच्या आईनं, फ्राऊ थीमाननं घेतली. मागे मुलाची सीट लावून घेतली. दुसरी निळी. ती प्रसन्नच्या ऑफिसातल्या चिटणीसांनी घेतली. त्यांचं काम संपून ते पुण्याला परत निघाले होते, सामान सोमवारी कंटेनरमध्ये जाणार होतं. सायकल घेण्याचा त्यांचा विचारही नव्हता. मीच त्यांना चाकापाशी नेलं आणि म्हटलं, हे मी बांधलंय. ते बायकोला हाक मारून म्हणाले, “अगं, जयसिंगपूरच्या मुलीनं जर्मनीत चाक बांधलंय, आणि आपण काय इथून नुसती चॉकलेटं न्यायची?” लगेच त्यांनी ती घेतली. मुलगी लहान होती त्यांची, तिच्यासाठी सीटही घेतली. त्या दिवशी मी जमिनीवर नव्हते.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, रेवाला बालवाडीत सोडून मी फाटकाची कडी लावत होते. पाठीमागून आवाज आला. टिक्. मग थांबून पुन्हा टिक्. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. तो आवाज मी नवव्या गल्लीत हजारदा ऐकला होता. मी वळले तर हिरवी सायकल माझ्यापुढून जात होती. मागे सीटवर योनास, हेल्मेट घातलेला, केळं खात. त्याचा दात दुखत होता, म्हणून फ्राऊ थीमान त्याला बालवाडीत न सोडता तशीच डॉक्टरकडे निघाली होती. पुढे चर्चचा उतार. दगडी फरसबंदी, आणि खाली मोठा रस्ता.

मी धावले आणि मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. सायकल तिरपी झाली, फ्राऊ थीमाननं पाय टेकला म्हणून वाचली. योनासचं केळं पडलं आणि तो रडायला लागला.

“तुम्हाला वेड लागलंय का?” ती म्हणाली.

“त्याला खाली उतरवा,” मी म्हणाले. “हे चाक मी बांधलंय. याच्यावर बसू नका.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मुलाला उतरवलं. मी वाकून तारा चाचपल्या. चार तारा बोटानं हलत होत्या. एक मुळाशी तुटून नुसती लोंबत होती, तीच दर फेऱ्याला शेजारणीवर आपटत होती. फ्राऊ थीमाननं त्या तुटक्या तारेला बोट लावलं. मग ती उताराकडे बघत राहिली.

आम्ही तिघं चालत कारखान्यात गेलो. मी सायकल ढकलत होते, ती योनासला कडेवर घेऊन माझ्या शेजारून चालत होती. वाटेत तिनं एकदाच विचारलं, “हे तुम्हाला आवाजावरून कळलं?” मी हो म्हणाले.

फ्राऊ ब्रिंकमाननी चाक उतरवलं, टायर काढला, पट्टी उचलली. माझं नाव होतं, दोरीवर वाळत घातल्यासारखं.

“हे कुणी फिरवलं?” त्यांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

त्या खाली बसल्या. मग एकेक तार बोटानं छेडत चाकाभोवती गेल्या. हेर ओस्टकोटे दारात येऊन उभे राहिले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सर्दी, पुठ्ठे, ‘१००’. सांगताना मला माझं जाड अक्षरांतलं वाक्य भिंतीवर दिसत होतं, त्यांनी ते चौकटीत लावलं होतं.

“अशी किती?” एवढंच त्यांनी विचारलं.

“दोन. दुसरी जहाजावर आहे.”

ते अंगणात गेले, स्वतःच्या सायकलीचं मागचं चाक काढून आणलं आणि फ्राऊ थीमानच्या सायकलीला आपल्या हातानं बसवलं. तिच्यापुढे उभं राहून म्हणाले, “चूक ओस्टकोटेची आहे. तुमच्या चाकाचे शंभर किलोमीटर झाले की मी ते स्वतः घेऊन येईन.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ती गेल्यावर मला वाटलं, आता मला जायला सांगतील. मी पर्स हातात घेऊन ठेवली होती.

त्यांनी पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींचे गठ्ठे माझ्या टेबलावर आणले. तीनशे दहा होत्या.

“ते वाक्य काढून टाकायचं?” मी विचारलं. “मी पान पुन्हा छापून घेते.”

“काढायचं कशाला? नव्वद वर्षांचं वाक्य आहे ते,” ते म्हणाले. “त्याच्या खाली लिहा. दोन गेली. आणि हातानं लिहा.”

म्हणून मी तीनशे दहा वेळा लिहिलं: ‘दोन गेली, जून महिन्यात.’ शंभराव्या प्रतीनंतर फ्राऊ ब्रिंकमान शेजारी येऊन बसल्या आणि दुखत्या मनगटानं त्याही लिहू लागल्या. चौकटीतल्या पानावर मात्र हेर ओस्टकोटेंनी मला काच काढून लिहायला लावलं. ते पान अजून तिथे आहे. पाहुणे आले की ते आधी ते दाखवतात, मग यंत्रं. एवढ्या वर्षांत मी त्या पानाकडे शरमेनं बघायचं कधी थांबले आणि अभिमानानं बघायला कधी लागले, ते मला सांगता येणार नाही.

त्या रात्री आमच्याकडे दहा वाजले म्हणजे जयसिंगपूरला दीड. म्हणून मी सकाळपर्यंत थांबले आणि मग अप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते.

“अप्पा, आपल्याकडे नवं चाक परत कधी आवळायचात? मी तर कधी बघितलं नाही.”

“मागच्या चाकाला तारा किती घातल्यास?”

“छत्तीस.”

“आन् आपल्याकडं?”

“चाळीस,” मी म्हणाले आणि मला एकदम कळलं. माझा कान चाळीस तारांचा होता. अप्पांच्या चाकात चाळीस जणींत वाटून घेतलेलं ओझं मी छत्तीस जणींवर टाकलं होतं, आणि आवळताना आवाज मात्र चाळीस तारांचाच धरला होता, म्हणजे प्रत्येक तार हवी त्यापेक्षा सैल. घड्याळाला चाक सरळ आहे एवढं कळतं. ते मऊ आहे हे बोटालाच कळतं. बाई पहिल्या दिवसापासून तेच सांगत होत्या.

“आन् परत आवळायचं म्हणशील,” अप्पा म्हणाले, “तर रोज की. सांजचं.”

“सांजचं तुम्ही दुकानापुढे स्टूल टाकून चहा पीत बसायचात.”

“मग? मोकळाच बसत हुतो व्हय?”

आई किती बोलायची त्यावरून. गिऱ्हाईक नसलं की ह्यांचं आपलं रस्त्याकडं तोंड, म्हणायची. सगळं गाव त्या रस्त्यानं घरी जायचं. शिक्षक, तंबाखूच्या वखारीतले हमाल, दूध घालणारे. अप्पा बशीतला चहा पिता पिता मधेच हात वर करायचे, “ओ मास्तर, जरा थांबा.” मास्तर उतरायचे, अप्पा तिथंच रस्त्यावर चावी घेऊन दोन तारा आवळायचे, गप्पा मारायचे, पाठवून द्यायचे. मी वीस वर्षं ते बघितलं आणि मला वाटलं की अप्पा ओळखीच्या माणसांना हाका मारतायत.

“तुमच्या तिथं दुकानापुढनं सगळी जात न्हाईत,” अप्पा म्हणाले. “म्हणून त्या लोकांनी शंभर किलोमीटर घातलं. शहाणी हाईत. त्या बाईला माझा नमस्कार सांग.”

नमस्कार सांगितला. बाईंनी विचारलं, वडील किती चाकांवर नजर ठेवून होते? मी म्हटलं, एका गावाच्या. त्यांनी मान हलवली, आणि चावीचा डबा माझ्या बाजूला सरकवला. त्यानंतर तो परत त्यांच्या बाजूला गेला नाही.

हिरव्या सायकलीचं चाक मी नव्यानं बांधलं आणि स्वतः फिरवलं. मोटारींच्या शेजारून, चर्चच्या उतारावरून, आठ दिवस. शंभर झाल्यावर पट्टीखाली जुन्या नावाशेजारी पुन्हा नाव लिहिलं. फ्राऊ ब्रिंकमाननी जुनं पुसू दिलं नाही. योनास आता शाळेत जातो आणि ती सायकल अजून त्याची आई चालवते. माझं दुसरं बाळ दीड वर्षाचं आहे, चाकांच्या खोलीत दुडुदुडु फिरतं. अप्पांच्या दुकानात आता मोबाईलवाला आहे. स्टूल तिथंच आहे, अप्पाही.

राहिली निळी. चिटणीसांना मी त्याच दिवशी कळवलं. चाक बघून घेतो म्हणाले. नंतर विचारलं की उत्तर यायचं, एकदम मस्त चालतेय, काळजी करू नकोस. दोन वर्षांनी त्यांनी ती विकली. कुणाला, ते त्यांना धड आठवत नाही. एक तरुण बाई होती, कोथरूडकडे राहणारी, तिच्याबरोबर लहान मुलगी होती आणि ती आईला सोडतच नव्हती, एवढंच. सीटसकट घेऊन गेली. चाक कधी कुणा कारागिराला दाखवलं होतंत का, म्हणून मी विचारलं, तर ते म्हणाले, दाखवायचं राहूनच गेलं.

गडद निळी सायकल, जाड टायर, हँडलच्या खाली पितळी गोल बिल्ला, त्यावर कारखान्याची खूण म्हणून सुईणीची पिशवी कोरलेली. तुम्ही पुण्यात असाल, संध्याकाळी दारात, गॅलरीत, चहा घेऊन उभे असाल, आणि ती पुढून गेली तर जरा कान द्या. दर फेऱ्याला टिक् वाजलं, तर चालवणारीला थांबवा. ती चिडेल, चिडू द्या. आधी मुलीला खाली उतरवायला सांगा. मग बघा मुलगी कशी आहे, आई कशी आहे. चाकाचं नंतर. ट्यूबखालची पट्टी उचलली तर माझं नाव असेल. तिला सांगा, हिनं तुला शोधायला सांगितलंय.